राजासॉरसची नाव, राजासॉरसचे नाव

मनोरंजन उद्यानातील नौकासफर ही एक कथनपद्धती आहे, असे म्हटले तर साहित्याच्या वर्गात प्रथम हसू उमटेल. पण कादंबरी, नाटक, चित्रपट आणि अलीकडे जाहिरातीही ज्या गांभीर्याने आपण वाचतो, त्या गांभीर्याने ही संहिताही वाचता येते. येथे वाचक बसून असतो आणि त्याला पुढे नेले जाते. पान मागे उलटण्याची सोय नाही. कोठे रेंगाळायचे, कोठे घाई करायची, मान कोणत्या बाजूला वळवायची हे सारे पाण्याच्या वेगाने आणि कालव्याच्या वळणांनी आधीच ठरवलेले असते. निवेदक दिसत नाही, पण त्याची हुकमत कोणत्याही सर्वज्ञ निवेदकापेक्षा कडक असते.

महाराष्ट्रातील या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे खोपोलीजवळ 2013 मध्ये सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानातील राजासॉरसची नौकासफर. नाव डायनोसॉरच्या काळात शिरते आणि अखेरीस उतारावरून पाण्यात कोसळते. प्रवासी भिजून बाहेर येतात. मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून तेथे गेलेल्या मुलांच्या लक्षात राहते ते हे भिजणे. राजासॉरस हा प्राणी खराखुरा होता आणि त्याची कुळकथा आपल्या पायाखालच्या दगडाशी जोडलेली आहे, ही गोष्ट मात्र नावेतून उतरेपर्यंत निसटून गेलेली असते. हे का घडते, याचे उत्तर या प्रकाराच्या इतिहासात आहे, असे मला वाटते.

उतारावरून नाव पाण्यात सोडण्याचा खेळ कॅप्टन पॉल बॉयटन याने 1894 मध्ये शिकागोत आणि 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लोकप्रिय केला. त्यात कथा नव्हती, केवळ घसरणे होते. कथा आली ती पुढे, डिस्नेलँडमध्ये. 1955 च्या जंगलसफरीत जगातल्या दूरदूरच्या नद्या एकाच गढूळ प्रवाहात कालवल्या होत्या, आणि गढूळपणाही हेतुपूर्वक होता, कारण पाण्याखालचा मार्गदर्शक रूळ दिसता कामा नये. 1964 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बाहुल्यांच्या जगातून फिरणारी नौकासफर आली. तिच्यातील नावांना इंजिन नव्हते, पाण्याचे झोतच त्यांना पुढे ढकलत. थोड्या वेळात पुष्कळ माणसे वाहून नेण्याची ही युक्ती इतकी यशस्वी ठरली की, आखणीत असलेले समुद्रचाच्यांचे पायी पाहायचे मेणपुतळ्यांचे दालन बदलून तेथेही नावा आणण्यात आल्या. ही चाच्यांची सफर मार्च 1967 मध्ये खुली झाली. वॉल्ट डिस्ने त्याआधीच, डिसेंबर 1966 मध्ये, वारला होता.

या सफरीतील एक तपशील कथनशास्त्राच्या तासाला सांगण्याजोगा आहे. आरंभीच नाव अंधारात दोन धबधब्यांवरून खाली कोसळते आणि प्रवाशाला वाटते, आपण भूतकाळाच्या उदरात उतरलो. वस्तुस्थिती अशी की देखाव्यांची मुख्य इमारत उद्यानाभोवतीच्या रेल्वेमार्गापलीकडे बांधावी लागली. रुळांखालून जायचे तर नाव खाली उतरवणे भाग होते. स्थापत्याच्या अडचणीतून कथानक जन्मले. शिवाय या संहितेला पाठभेदही आहेत. स्त्रियांचा लिलाव दाखवणारा देखावा अर्धशतक गमतीचा म्हणून चालला. 2018 मध्ये तो बदलून, लिलावात उभी असलेली तांबड्या केसांची स्त्री स्वतःच चाची झाली. जंगलसफरीतील आदिवासींची हिणकस चित्रेही 2021 मध्ये काढली गेली.

डायनोसॉर नावेच्या वाटेवर आले ते ‘जुरासिक पार्क’ (1993) या चित्रपटामागोमाग. 1996 मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल उद्यानात त्यांची सफर सुरू झाली, 1999 मध्ये फ्लोरिडात तिची जुळी बहीण. तेथे कथेचा साचा पक्का झाला: शांत प्रवेश, बिघडलेली व्यवस्था, टायरॅनोसॉरसचा हल्ला, 84 फुटांची घसरण. खोपोलीच्या सफरीचे ‘रिव्हर ॲडव्हेंचर’ हे आडनाव फ्लोरिडातलेच आहे. टायरॅनोसॉरसच्या जागी राजासॉरस आला, एवढा पालट. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (1857) मराठी कादंबरीने परका घाट घेऊन आपला आशय त्यात ओतला आणि कालांतराने घाटही वाकवला. येथे आशयाचे केवळ नाव बदलले. घाट जसाच्या तसा राहिला.

हे नाव मात्र उपरे नाही. गुजरातेत बालासिनोरजवळ राहिओली येथे 1980 च्या दशकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हाडे गोळा केली. पुढे भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी, जुन्या उत्खननाच्या नकाशांच्या आधारे, त्यांतून एका मांसभक्षकाचा सांगाडा जुळवला. कपाळावर बुटके शिंग असलेल्या या प्राण्याला 2003 मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव मिळाले. म्हणजे जातिनामात नदी होतीच, आणि तीही नर्मदा! नदीच्या सफरीच्या फलकावर येताना नेमकी तीच गळाली. ही हाडे ज्या थरांत मिळाली त्यांना जबलपूरजवळच्या नर्मदेवरील घाटावरून लॅमेटा म्हणतात. भारतातील डायनोसॉरची पहिली हाडे 1828 मध्ये जबलपूरलाच सापडली, तीही ठगांच्या बंदोबस्तासाठी ख्यातनाम झालेल्या स्लीमनला. (ठगांची कादंबरी शिकवणाऱ्यांनी हा योग विद्यार्थ्यांना जरूर सांगावा.) महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यालाही हेच थर आहेत. तेथील अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाल्याचे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनोसॉरच्या काळी गवत नव्हते, हा समज मोडला. खऱ्या इतिहासातील असे आश्चर्य नावेच्या साच्यात मावत नाही, कारण साच्याला हवी असते ती केवळ डरकाळी.

लॅमेटा थरांवर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. खोपोलीच्या घाटाचा कडा याच लाव्ह्याचा, आणि आमच्या अहमदपूरच्या बालाघाटाचा काळा पाषाणही त्याचाच. आम्ही त्यातून विहिरी खोदतो, घरे बांधतो, आणि तो अनादी आहे असे गृहीत धरतो. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यातच, किल्लारीला, शास्त्रज्ञांनी 617 मीटर खोल विंधण घेतले. 338 मीटर बेसॉल्ट गेल्यावर, खालच्या अतिप्राचीन खडकाआधी, सुमारे आठ मीटरांचा गाळाचा एक थर लागला. लाव्हा येण्यापूर्वीची येथली उघडी जमीन ती हीच.