काठीचे खालचे टोक

काठीला दोन टोके असतात. वरचे टोक हातात राहते, म्हणून कारागिराचे कसब आणि मालकाची हौस ही दोन्ही तेथेच खर्ची पडतात. मुठीला कोणी चांदी मढवतो, कोणी वाघाचे तोंड कोरून घेतो. खालच्या टोकाकडे लक्ष जाते ते काठी घसरल्यावर, आणि तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

श्रोतेहो, वसंतातील व्याख्यानांत राज्यांचे, लढायांचे आणि थोर पुरुषांचे इतिहास सांगितले जातात, आणि ते सांगितले जावेतच. माझे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांवर माणसे संघटित करण्यात गेले आणि शिक्षण सार्वजनिक वाचनालयांत झाले. तेव्हा मी माझ्या आवाक्यातला इतिहास सांगतो. तो काठी, कुबडी आणि वॉकर यांच्या पायाशी बसवलेल्या त्या दोन बोटे उंचीच्या रबरी टोपीचा आहे. वस्तू क्षुल्लक खरी. परंतु अंगातला जोर गेलेल्या माणसाचा सारा भार ती पेलत असते.

आपल्याकडे पूर्वी काठीच्या टोकाला शेंबी बसवीत. वेळूची काठी आपटून आपटून फाटते, म्हणून लोहाराकडून लोखंडाचे किंवा पितळेचे कडे ठोकून घ्यावयाचे. शेंबीचे काम काठी वाचवण्याचे होते. माणसाला वाचवण्याचे काम जमीन करीत असे. पाणंदीची माती, शेताचा बांध, शेणाने सारवलेली ओसरी यांत शेंबी किंचित रुतते, आणि रुतलेले टोक सहसा निसटत नाही. हीच शेंबी दगडी फरशीवर आली की मात्र खडखडते आणि सरकते. म्हणजे टोकाचा गुणदोष एकट्या टोकात नसतो. तो टोक आणि जमीन या जोडीत असतो. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

हिंजवडीचेच पाहा. म्हातोबाच्या बगाडासाठी पंचक्रोशीत ओळखले जाणारे हे मुळशी तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव. गेल्या शतकाच्या अखेरीस येथे औद्योगिक विकास महामंडळाने माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान वसवावयास घेतले, आणि जेथे भाताची खाचरे होती तेथे काचेच्या इमारती आणि उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. गावातील एखाद्या वृद्धाने आपल्या हयातीत तीन जमिनी पाहिल्या असतील: बाळपणी सारवलेली, संसारात शहाबादी फरशीची आणि आता आरशासारखी चकाकणारी विट्रिफाइड टाइलची. मुलाच्या नोकरीमुळे गाव सोडून येथे दहाव्या मजल्यावर राहावयास आलेल्या आईवडिलांचीही हीच कथा. जमीन दोनदा बदलली. हातातल्या काठीचे टोक कितीदा बदलले, हा प्रश्न मात्र कोणी विचारलेला दिसत नाही.

रबर टोकाशी आले ते शोधांच्या एका मोठ्या लाटेबरोबर. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ बनते. गंधक मिसळून त्याला उष्णता दिली असता ते टिकाऊ आणि लवचिक होते, हे अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ मध्ये हेरले आणि १८४४ साली त्याचे पेटंट घेतले. यानंतर रबर चाकांना लागले, बुटांना लागले आणि यथावकाश काठीलाही लागले. लोखंड जमिनीत रुतून धरते. रबर जमिनीच्या बारीक खडबडीत बसून धरते. म्हणून कोरड्या दगडावर ते लोखंडापेक्षा किती तरी सरस ठरते.

ही पकड किती लागते याचे गणित घरच्या घरी करता येते. समजा, मुठीपासून जमिनीपर्यंतची उभी उंची ९० सेंटीमीटर आहे आणि चालताना काठीचे टोक ३० सेंटीमीटर पुढे पडले. काठीवर जेवढा भार खाली जातो त्याच्या सुमारे एक-तृतीयांश जोर ते टोक पुढे सरकवावयास पाहतो. टोक आणि फरशी यांमधील घर्षण याहून कमी पडले की काठी निसटलीच. टोक ४५ सेंटीमीटर पुढे टाकले तर हा जोर निम्म्यावर जातो. दोन्ही कुबड्यांवर झोके घेत चालणारा तरुण टोके लांब टाकतो. त्याला म्हातारबाबांपेक्षा अधिक पकड लागते ती याच कारणाने. आणि गुळगुळीत टाइलवर नुकतीच पुसलेल्या पाण्याची ओल असेल, तर रबर आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पडदा येतो व पकड एकाएकी ढासळते.

या वस्तूंची गरज मोठ्या प्रमाणावर भासली ती महायुद्धांमुळे, आणि त्या इतिहासात पुण्याचे नाव ठळक आहे. जायबंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाची संस्था काढली. ती पुढे खडकीस आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र निघाले. सैनिकाचा पाय गेला तर त्याची काही जबाबदारी सरकारवर आहे, हे तत्त्व या संस्थांनी मान्य केले.

गिरणीत पाय गमावणाऱ्या कामगाराचे काय? त्याच्यासाठी १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. त्याला एक कोष्टक जोडले होते. गुडघ्याशी किंवा वर पाय तुटला तर कमाईची शक्ती शेकडा ६० गेली, गुडघ्याखाली तुटला तर शेकडा ५०, पायाचा अंगठा गेला तर शेकडा १०. कामगार चळवळीच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे मोठेच पाऊल होते, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. परंतु त्या कोष्टकात गेलेल्या पायाचा हिशेब होता. उरलेल्या आयुष्याच्या चालण्याचा नव्हता. कारखान्याच्या जमिनीकडे कायद्याचे लक्षही सावकाशच गेले. १९४८ च्या कारखाने कायद्यात जमिनी आणि जिने मजबूत असावेत असे कलम होते. त्यांवर माणूस घसरेल असे पदार्थ राहू देऊ नयेत, ही स्पष्ट अट १९७६ च्या दुरुस्तीने आली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी नव्या कामगार संहिता अमलात येऊन हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. कायद्यांची नावे बदलली, परंतु ओली फरशी आहे तशीच आहे.

रबराची गोष्ट निघाली आहे तर जयपूरचे स्मरण केले पाहिजे. १९६० नंतरच्या दशकात तेथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला. विलायती कृत्रिम पाय बुटात घालावयाचा. आपला माणूस अनवाणी चालणार, मांडी घालून बसणार, चिखलात उतरणार. तेव्हा आपल्या जमिनीला साजेसा रबरी पाय करावयाचा, आणि रबर भाजण्याची कला टायर दुरुस्त करणाऱ्यांकडून घ्यावयाची, असा तो मार्ग होता. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. कारागिराचे नाव मागे राहिले, हेही नमूद करून ठेवले पाहिजे. आपल्या जमिनीकडे पाहून वस्तू घडवण्याचा हा धडा काठीच्या टोकालाही तंतोतंत लागू आहे.

मग सुरक्षित टोक कसे असावे? जगाने यावर विचार केलेला आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २००९ साली चालण्याच्या साधनांच्या टोकांचे घर्षण कसे मोजावे याचे मानक काढले आणि २०११ साली कुबड्यांच्या टोकांच्या टिकाऊपणाचे. त्यामागची तत्त्वे कोणाही फिटरला पटतील अशी आहेत. तळ रुंद हवा. टोपीची मान थोडी लवचिक हवी, म्हणजे काठी कलली तरी तळ फरशीवर सपाट टेकतो. नाही तर सारा भार एका कडेवर येतो आणि तीच कड झिजते. पाण्याला बाहेर पडावयास तळाला खाचा हव्यात. आत लोखंडी वायसर हवा, नाही तर काठीची नळी रबर कापून एके दिवशी खाली उतरते आणि माणूस उघड्या लोखंडावर चालू लागतो. रबर मऊ असेल तर धरते पण लवकर झिजते, कडक असेल तर टिकते पण सरकते. हा तिढा कोणत्याही रचनेला चुकत नाही. वॉकरला चारही पायांना टोप्या असतील तर चारही एकदम बदलाव्या. एक नवी आणि तीन झिजलेल्या असल्या की चौकट डगमगते.

येथे एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात कराराची बोलणी चालू होती. सुरक्षेचे बूट वर्षाला एक जोड द्यावयाचे, हे कलम निमूटपणे मान्य झाले. आमचा एक सभासद अपघातानंतर कुबडी घेऊन भांडारात बसून काम करीत असे. त्याच्या कुबडीची रबरेही त्याच यादीत घाला, असे आम्ही म्हणताच अधिकारी म्हणाले, “कुबडी ही त्याची खासगी वस्तू आहे.” मी विचारले, “साहेब, आणि फरशी कोणाची?” उत्तर आले नाही. दोन बैठकांनंतर रबरे यादीत आली. खर्च इतका थोडा होता की त्याची वेगळी नोंद ठेवण्याचीही गरज पडली नाही.

खरा प्रश्न याच जागी आहे. सरकारने काठ्या दिल्या नाहीत असे नाही. २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजनेने गरीब वृद्धांना काठ्या, कुबड्या आणि वॉकर देण्यास आरंभ केला. २०२४ साली महाराष्ट्राने ६५ वर्षांवरील गरजूंना अशा साधनांसाठी एकदा ३००० रुपये देण्याचे ठरवले. चांगले झाले. परंतु काठी एकदा दिली की वर्षानुवर्षे चालते, आणि तिचे रबर त्याआधीच किती तरी वेळा झिजून जाते. साधनाचे वाटप समारंभाने होते. झिजलेला भाग बदलण्याला समारंभ नसतो, म्हणून त्याला वालीही नसतो.

माझ्या सूचना तीन आहेत. पहिली रचनेची. मोटारीच्या टायरमध्ये झीज दाखवणारी खूण असते. तशी या टोपीच्या तळात दोन-तीन मिलिमीटरवर लाल रबराचा थर घालावा. लाल दिसले की टोपी टाकून द्यावयाची; त्यासाठी वाचता येण्याची गरज नाही. भोसरीच्या छोट्या कारखान्यांत रबराचे साचे करणाऱ्या हातांना हे काही अवघड नाही. दुसरी व्यवस्थेची. काठी देणाराने तिच्याबरोबर रबरांचे दोन जादा जोड द्यावेत, आणि ते संपल्यावर नवे कोठे मिळतील तेही सांगावे. तिसरी जमिनीची. सोसायटी असो, कचेरी असो वा दवाखाना, फरशी निवडताना आणि पुसण्याची वेळ ठरवताना काठीवर चालणाऱ्या एका माणसाला आणि फरशी पुसणाऱ्या एका बाईला बैठकीस बोलवावे. कोठे घसरते हे त्या दोघांना इतर सर्वांपेक्षा अधिक ठाऊक असते.

तोपर्यंत एवढे करावे. घरी गेल्यावर आईची, आजोबांची काठी उलटी करून तिचा तळ पाहावा. खाचा पुसल्या असतील, एक कड झिजली असेल किंवा बोट फिरवता आतला धातू हाताला लागत असेल, तर उद्या सकाळी बाजारात जावे. जाताना काठी बरोबर न्यावी. नळीच्या मापाची टोपीच घट्ट बसते, आणि सैल टोपी ही झिजलेल्या टोपीइतकीच घातक असते.