मागासवर्ग खात्याची हकीकत

आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी ‘बॅकवर्ड क्लास ऑफिस’ हा शब्द अजून अधूनमधून ऐकू येतो. नव्या पिढीला त्याचा अर्थ ठाऊक नसतो, आणि ज्यांना ठाऊक असतो त्यांपैकी काहींना त्या नावाचा संकोच वाटतो. त्या नावाचे खाते आज उरलेले नाही. तथापि, खेड्यापाड्यांतून पुण्यास शिकावयास आलेल्या मुलांच्या शिक्षणाशी त्याचा निकटचा संबंध होता. म्हणून त्याची हकीकत समाजबांधवांपुढे थोडक्यात ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

सरकारी खाते निघण्यापूर्वी पुष्कळ वर्षे लोकांनीच या कार्याचा पाया घातला होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली व पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठीही शाळा चालविल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली व नंतर पुण्यातही तिचे कार्य उभे केले. शाळा गावात असली तरी पुढील शिक्षणासाठी मुलाला शहरात राहावे लागते, तेथे त्याच्या राहण्याजेवण्याची सोय नसेल तर त्याचे शिक्षण तेथेच खुंटते, हे या मंडळींनी अनुभवाने जाणले होते.

ही जाणीव सरकारदरबारी पोहोचावयास १९२८ साल उजाडले. त्या वर्षी मुंबई सरकारने अस्पृश्य वर्ग व आदिवासी यांच्या शैक्षणिक, आर्थिक व सामाजिक स्थितीची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट हे आय. सी. एस. अधिकारी, सभासदांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. सोळंकी व ठक्करबाप्पा होते. १९३० साली समितीने आपला अहवाल दिला. मागासलेल्या वर्गांचे तिने तीन भाग कल्पिले : अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासलेले वर्ग. मुलांनी सर्वांच्या शाळेतच शिकावे, त्यांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, वसतिगृहे काढावीत आणि या कामासाठी स्वतंत्र अधिकारी असावा, असे समितीने सुचविले. त्यानुसार १९३१ साली मागासवर्ग खाते निघाले.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्टार्टसाहेबांनी पूर्वी ‘गुन्हेगार जमातीं’च्या वसाहतींचे अधिकारी म्हणून काम केले होते. मूल ज्या घरी जन्मले त्यावरून त्यास गुन्हेगार ठरविणारा तो कायदा होता. सोलापुरासारख्या ठिकाणी कुटुंबेच्या कुटुंबे कुंपणाच्या आत ठेवली जात. मुंबई प्रांतात तो कायदा १९४९ साली व सर्व देशात १९५२ साली रद्द झाला. एकीकडे शिष्यवृत्ती व दुसरीकडे कुंपण, अशी त्या काळच्या राज्यकारभाराची दोन रूपे होती.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगात पुणे करार झाला. राखीव जागांसाठी तो सर्वांना ठाऊक आहे. परंतु प्रत्येक प्रांताने शिक्षणाच्या अनुदानातून अस्पृश्य वर्गाच्या शिक्षणासाठी पुरेशी रक्कम वेगळी काढावी, असेही त्यात एक कलम होते, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू केले व निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली आणली.

स्वातंत्र्यानंतर १५ सप्टेंबर १९५७ रोजी समाजकल्याण खाते अस्तित्वात आले. त्याच्या दोन शाखा झाल्या : एक मागासवर्गीयांच्या कल्याणाची व दुसरी सुधारणा शाखा. अनाथ व उन्मार्गी मुले, भिक्षेकरी, प्रमाणित शाळा हे विषय दुसरीकडे गेले. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर बरेचसे काम त्यांच्याकडे आले. आम्ही शिक्षक म्हणून शिष्यवृत्तीचे अर्ज भरून घेत असू. जातीचा दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला व मुख्याध्यापकांची सही यांपैकी एक जरी राहिले तरी अर्ज परत येई, आणि त्या हेलपाट्यांत बापाची मजुरी बुडे.

पुढे या एका खात्याची अनेक खाती झाली. १९८३ साली आदिवासी विकास, १९९३ साली महिला व बालविकास, २०१६-१७ मध्ये विमुक्त, भटके व इतर मागासवर्ग आणि २०२२ साली दिव्यांग कल्याण असे विभाग वेगळे झाले. समाजकल्याणाचे आयुक्तालय मात्र पुण्यातच राहिले. प्रत्येक वर्गाकडे स्वतंत्र लक्ष जावे हा हेतू चांगलाच होता. पण कोणता अर्ज कोणत्या दारी न्यावयाचा हे समजणे गरीब पालकास अधिक कठीण झाले. या कामी सुशिक्षित समाजबांधवांनी पुढे यावयास हवे.

या हकीकतीवरून आम्हांस एवढेच सांगावयाचे आहे की, आधी लोकांनी वसतिगृहे काढली, मग सरकारचे खाते आले. ज्यांनी मूठमूठ धान्य जमवून मुले पोसली, त्यांच्या श्रमामुळेच पुढील अनुदानाची वाट मोकळी झाली. म्हणून ती मदत घेतल्याचा संकोच बाळगण्याचे कारण नाही. तसेच अनुदान थांबले म्हणून वसतिगृहास कुलूप लावून त्या जागी मंगल कार्यालय थाटणेही शोभणारे नाही.

शेवटी एक विनंती. जुन्या शिष्यवृत्तीचे हुकूम, वसतिगृहाच्या हजेरीवह्या, वर्गणीच्या पावत्या, बोर्डिंगातील छायाचित्रे आपापल्या घरी ट्रंकांतून पडून असतील. रद्दीत जाण्यापूर्वी ती आपल्या संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावीत. सरकारी दप्तरात खात्याचा इतिहास सापडेल. आपल्या मुलांनी तो काळ कसा काढला, हे मात्र या कागदांवाचून कोणास कळणार नाही.