कला व वास्तुकला शब्दकोश (आर्ट अँड आर्किटेक्चर थिसॉरस)
पुरावस्तू, कलाकृती आणि ऐतिहासिक वास्तू यांच्या नोंदी एकसारख्या शब्दांत व्हाव्यात यासाठी रचलेला संज्ञाकोश. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस काम सुरू झाले; पुढे गेटी संस्थेने ते हाती घेतले. पहिली मुद्रित आवृत्ती १९९० साली, दुसरी १९९४ साली निघाली. २०१४ पासून तो खुल्या विदेच्या रूपात मिळतो.

नाव शब्दकोश असले, तरी येथे नोंद शब्दाची नसून संकल्पनेची असते. प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक, एक ग्राह्य संज्ञा, तिचे पर्याय, व्याप्तिटीप (संज्ञेत काय मोडते हे सांगणारी टीप) आणि वरच्या-खालच्या संज्ञांशी जोडणी दिलेली असते. उदाहरणार्थ, ‘ऱ्हायटन’ हे प्राण्याच्या मुखाचा किंवा शिंगाचा आकार असलेले प्राचीन इराणी-ग्रीक पानपात्र. ते खाद्यपेयांच्या भांड्यांतही मोडते आणि विधिपात्रांतही; कोश त्याला दोन्ही शाखांत जागा देतो. म्हणून ‘विधिपात्रे’ शोधणाऱ्यालाही ते सापडते. कार्डांच्या जुन्या कपाटात एवढ्यासाठी दोन कार्डे लिहावी लागत.

स्पॅनिश, डच, चिनी, जर्मन संज्ञा त्यात जोडल्या गेल्या आहेत. मूळ चौकट मात्र पाश्चात्त्य कलेची आहे. आपल्याकडची वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिला) किंवा गद्धेगळ (शापवचन कोरलेली शिला) नुसती ‘स्मारकशिला’ म्हणून नोंदवली, तर तिच्यावरच्या कोरीव पट्ट्यांचा किंवा शापवचनाचा अर्थ नोंदीबाहेरच राहतो. म्हणून स्थानिक गरजेची वेगळी साधनेही लागतात. इंग्लंडमध्ये वास्तुप्रकारांसाठी १९९५ साली वेगळा कोश निघाला. भारतातील संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेने ‘जतन’ ही नोंदप्रणाली विकसित केली.