वाढीव वेळेचा हक्क

एडीएचडी या अवधानदोषानें ग्रासलेल्या विद्यार्थ्यास परीक्षेंत दीडपट वेळ किंवा निवांत खोली देणें ही कॉलेजची मेहेरबानी, असें पुष्कळांस वाटतें. अमेरिकेंत ती कायद्याची बाब आहे. पण कायदा झाला म्हणजे हक्क हातीं आला, असें तेथेंहि घडलें नाहीं. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ व्या कलमानें सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांस अपंगांबाबत भेदभाव करण्याची मनाई केली. त्याचे नियम मात्र साडेतीन वर्षें रखडले. १९७७ त अपंगांनीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या सरकारी कचेरींत तीन आठवडे ठाण मांडलें, तेव्हां कोठें त्यांवर सही झाली.

१९९० चा कायदा याहून व्यापक होता. परंतु वैमानिक होऊं पाहणाऱ्या दोघी जुळ्या बहिणींच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९९९ त ठरविलें कीं, चष्म्यानें नीट दिसत असेल तर तें अपंगत्व नव्हे. तर्क वरवर निर्दोष दिसतो. पण औषधानें चित्त कसेंबसें ताळ्यावर आणणाऱ्या विद्यार्थ्यानें काय करावें? औषध घ्यावें तर हक्क जातो, न घ्यावें तर वर्ष! २००८ च्या दुरुस्तीनें औषधाचा गुण हिशेबांत धरण्याचें बंद केलें (साधा चष्मा तेवढा अपवाद राहिला), आणि चित्त एकाग्र करणें ही क्रिया कायद्याच्या शब्दांत आली.

तरी एक अडचण उरलीच. सरकारी शाळेंत असें मूल हुडकणें हें शाळेचें काम. कॉलेजांत मागणी विद्यार्थ्यानेंच करावयाची, दाखले त्यानेंच जमवावयाचे, आणि तेहि वेळेवर. म्हणजे नेमकें जें त्याला साधत नाहीं, तेंच.