भाड्याचे छप्पर : छावणीपासून करारनाम्यापर्यंत

भाडेकरू आणि घरमालक हे शब्द मुंबई-पुण्याचे, आपला त्यांच्याशी संबंध नाही, असे शिरूर-दौंडच्या जुन्या मंडळींना वाटत असे. आज आमच्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत मुलगा पुण्यात भाडेकरू आहे आणि वडील गावी चार खोल्यांचे मालक आहेत. तेव्हा या विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

नोकरीबरोबर मिळणारे छप्पर आपल्या भागाला फार पूर्वीपासून परिचित आहे. घोडनदीकाठचे शिरूर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या लष्करी छावणीचे ठाणे होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे लढलेली तुकडी आदल्या रात्री येथूनच निघाली होती. १८५८ साली मुंबईहून येणारा लोहमार्ग, बोरघाटाचा टप्पा वगळता, पुण्यापर्यंत आला व पुढे दौंडवरून सोलापूरकडे गेला. १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन बनले. छावणीत शिपायाला बराक मिळे, रेल्वेत कामगाराला क्वार्टर. मात्र नोकरी संपली की छप्परही संपे. आयुष्यभर क्वार्टरमध्ये राहिलेल्या माणसाला निवृत्तीच्या उंबरठ्यावर घर शोधत फिरावे लागे.

मुंबईत गिरण्या वाढल्या, पण येणाऱ्या मजुरांना पुरतील एवढी घरे झाली नाहीत. एकेका खोलीत दहा-दहा माणसे पाळ्यांनी झोपत. १८९६ साली प्लेगाची साथ आली तेव्हा या दाटीचे भयंकर रूप सरकारला दिसले. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्याच या बीडीडी चाळी. एक खोली, सामाईक व्हरांडा आणि सामाईक संडास एवढ्या जागेत तीन-तीन पिढ्या वाढल्या.

याच मुंबईत गोव्याहून आलेल्या आपल्या धर्मबांधवांनी निराळी वाट काढली. धोबी तलाव व आसपासच्या भागात त्यांनी गावोगावचे ‘कूड’ उभारले. एका गावच्या लोकांनी वर्गणी काढून जागा भाड्याने घ्यायची आणि गावच्या संताच्या नावाने वेदी मांडायची, अशी ही रीत होती. बोटीवर नोकरी शोधणाऱ्या खलाशाला तेथे ट्रंक ठेवायला व पथारी पसरायला जागा मिळे. रात्री सर्वांनी मिळून रोझरी म्हणण्याचा नियम असे. सर्वांना एकाच वेळी काम नसे, त्यामुळे कमावणाऱ्यांच्या वर्गणीवर बेकाराचेही दिवस निभत. अनोळखी शहरात ओळखीचा आधार देणारी ही व्यवस्था एखाद्या धनिकाने नव्हे, तर साध्या खलाशांनी व आचाऱ्यांनी उभी केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या महायुद्धात भाडी भरमसाट वाढल्याने मुंबईत १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. त्यानंतर १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण मानले. गरीब भाडेकरूला त्याने मोठे संरक्षण दिले, यात शंका नाही. परंतु भाडे गोठले आणि खर्च मात्र वाढत गेला. परिणामी मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी बोकाळली आणि इमारती खचू लागल्या. दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये सरकारलाच मंडळ स्थापावे लागले. अखेर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले भाडे न्याय्य नसल्याचे मत दिले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ संमत झाला व ३१ मार्च २००० पासून तो अमलात आला.

आता हा प्रश्न आपल्या अंगणात आला आहे. रांजणगाव, सणसवाडी आणि कुरकुंभ येथील कारखान्यांमुळे परप्रांतांतून व मराठवाडा-विदर्भातून कामगार येतात. रस्त्याकडेच्या शेतात पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा उभ्या राहतात. दुसरीकडे आपली मुले पुण्यात अनामत रक्कम, दलाली आणि अकरा महिन्यांचा करार यांच्या चक्रात सापडतात. पुण्याचे भाडे परवडत नाही म्हणून दौंडहून रोज आगगाडीने ये-जा करणारेही पुष्कळ आहेत.

हे अकरा महिने कोठून आले? एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, असे १९०८ चा नोंदणी कायदा सांगतो. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची प्रथा रूढ झाली. मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवणे आवश्यक आहे, मग मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. भाड्याची पावती देणे हेही मालकाचे कर्तव्य आहे.

एवढे असूनही दार कोणासाठी उघडायचे, हे मालकच ठरवतो. आडनाव ऐकून, ताटातले अन्न पाहून किंवा मुलगी एकटी राहणार म्हणून खोली नाकारली जाते. आपल्या मुलांना शहरात हा अनुभव येतो तेव्हा आपण व्यथित होतो. मग आपल्या चार खोल्यांपुढे उभ्या असलेल्या बिहारच्या किंवा नांदेडच्या तरुणाला आपण काय विचारतो? त्याची अनामत निघताना परत करतो का? त्याला पावती देतो का? आपल्या मुलाच्या पुण्यातील मालकाने जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसे या तरुणाशी आपण वागलो, तर कूड उभारणाऱ्या त्या साध्या खलाशांचा वारसा आपण सांगू शकू.