पोटमाळ्यावर जपलेला वारसा

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या घरांत, कपाटाच्या खणात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेले एखादे मनगटी घड्याळ अजूनही सापडते. बहुधा ते आजोबांचे असते. तबकडी पिवळसर पडलेली असते, काचेवर ओरखडे उठलेले असतात. पण चावी दिली की आतील टिकटिक पुन्हा सुरू होते. तबकडीवरचे नाव वाचावे तर ते पुष्कळदा ‘फेवर-ल्युबा’ असे निघते. या घराण्याची मुळे स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या डोंगराळ गावी १७३७ सालापर्यंत जातात आणि मुंबईशी त्याचा संबंध जुळला तो १८६५ साली. म्हणजे आपल्या आजोबांच्या मनगटापर्यंत पोहोचण्यापूर्वी हे नाव शंभर वर्षे मुंबईच्या बाजारात वावरत होते.

आज रस्त्यावर मिळणारे स्वस्त घड्याळही या घड्याळापेक्षा अधिक बिनचूक वेळ दाखवते. असे असता चावीची स्विस घड्याळे लाखो रुपयांना विकली जातात आणि ती घडविणारे कारागीर आजही भिंग लावून बाकावर बसलेले असतात, हे कसे? या प्रश्नाच्या मागे जाताना आम्हाला जो इतिहास दिसला, तो यंत्रांचा आहेच. पण त्याहून अधिक तो श्रद्धेचा, परागंदा झालेल्या माणसांचा आणि एका कामगाराच्या सात्त्विक हट्टाचा आहे.

घंटेपासून घड्याळापर्यंत

युरोपात काळ मोजण्याची निकड प्रथम मठांना भासली. संत बेनेडिक्ट यांच्या नियमाप्रमाणे जगणाऱ्या मठवासीयांना दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थनेसाठी एकत्र यावे लागे. त्या वेळा चुकू नयेत म्हणून घंटा आली आणि घंटेला चालना देणारे यंत्र आले. इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स मठाचे मठाधिपती वॉलिंगफर्डचे रिचर्ड यांनी चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्य-चंद्राच्या गती दाखविणारे घड्याळ उभारण्याचे काम हाती घेतले होते. आंजेलसची घंटा ऐकून हातातले काम थांबविणाऱ्या आपल्या पूर्वजांचे नाते याच परंपरेशी आहे.

पुढे घड्याळ मनोऱ्यावरून उतरले आणि खिशात आले. त्याचे मोठे केंद्र झाले ते मात्र कॅथलिक नगर नव्हते. ते होते जॉन कॅल्व्हिन यांचे जिनिव्हा. कॅल्व्हिन १५४१ साली जिनिव्हात परतले आणि तेथे कडक शिस्तीचे युग सुरू झाले. दागिन्यांच्या हौसेवर बंधने आली. क्रूस, चषक यांसारख्या कॅथलिक उपासनेच्या वस्तू घडविण्यास सोनारांना मनाई झाली. ज्या हातांनी चषकावर नक्षी कोरली, त्या हातांना नवे काम हवे होते. घड्याळ ही उपयोगाची वस्तू असल्याने तिला आडकाठी नव्हती. अशा रीतीने सोनाराची कला घड्याळाच्या आवरणात शिरली.

त्याच सुमारास फ्रान्समधून ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, जीव मुठीत धरून जिनिव्हाकडे येऊ लागले. १५७२ साली संत बार्थोलोम्यू यांच्या सणाच्या पहाटे पॅरिसमध्ये त्यांची कत्तल सुरू झाली. १५९८ च्या नांतच्या राजाज्ञेने त्यांना काही संरक्षण मिळाले, ते चौदाव्या लुईने १६८५ साली काढून घेतले. या निर्वासितांत कुशल घड्याळजी होते. इतिहासाचे हे पान आपण कॅथलिकांनी मान खाली घालूनच वाचले पाहिजे. ज्यांना आपल्याच धर्मबंधूंनी देशोधडीला लावले, त्यांच्या हातच्या कसबावर स्विस घड्याळांची कीर्ती उभी राहिली. १९९७ च्या ऑगस्टमध्ये जागतिक युवादिनासाठी पॅरिसला आलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्या कत्तलीच्या स्मरणदिनाच्या आदल्या सायंकाळी तिचा उघड उल्लेख केला आणि शुभवर्तमान ज्याचा निषेध करते असे कृत्य ख्रिस्ती लोकांकडून घडले, हे मान्य केले. ही कबुली येण्यास चार शतके लागली.

बंद दारे आणि उघडे डोंगर

१६०१ साली जिनिव्हाच्या घड्याळजींनी आपला संघ स्थापन केला. घड्याळजींचा हा जगातील पहिला संघ मानला जातो. दर्जा राखणे हा त्याचा हेतू होता; पण हळूहळू संघाची दारे आतून बंद होऊ लागली. शिकाऊंची संख्या मर्यादित झाली, बाहेरून आलेल्यांना बरोबरीचे हक्क नाकारले गेले. निर्वासितांनी वाढविलेले नगर नव्या निर्वासितांना उंबऱ्यावर उभे ठेवू लागले. वारशाला लागणारी ही जुनीच कीड आहे.

ज्युरा पर्वतात असा संघ नव्हता. तेथे सहा महिने बर्फ पडे आणि शेतकऱ्यांच्या हातांना काम नसे. दानिएल जाँरिशार या तरुणाने सतराव्या शतकाच्या अखेरीस एका व्यापाऱ्याचे बिघडलेले घड्याळ पाहून स्वतःचे घड्याळ घडविले, अशी तेथील लोककथा आहे. कथा किती खरी हा प्रश्न बाजूला ठेवू. घरोघर घड्याळाचे काम पसरले हे मात्र खरे. एका घरी दातेरी चाके होत, दुसऱ्या घरी काटे, तिसऱ्या घरी स्प्रिंगा. कोणी ते सारे गोळा करून जुळवी. १७९४ च्या आगीनंतर ला शो-द-फाँ हे गाव सरळ रस्त्यांनी, घरांत भरपूर उजेड येईल अशा बेताने पुन्हा वसविण्यात आले, कारण घड्याळजीला भाकरीइतकीच उजेडाची गरज असते. २००९ साली युनेस्कोने ला शो-द-फाँ आणि शेजारचे ल लोक्ल या दोन्ही गावांना जागतिक वारसास्थळांच्या यादीत घेतले.

गुरू धर्मगुरू, शिष्य प्रोटेस्टंट

न्यूशातेल येथे १७४७ साली जन्मलेला अब्राहम-लुई ब्रेगे हा एका प्रोटेस्टंट घराण्यातला मुलगा किशोरवयातच फ्रान्समध्ये कारागिरी शिकण्यास गेला. पॅरिसच्या माझारँ महाविद्यालयात गणित शिकविणारे कॅथलिक धर्मगुरू आबे जोसेफ-फ्रान्स्वा मारी यांनी त्याची बुद्धी ओळखली, त्याला गणित शिकविले आणि राजदरबारापर्यंत त्याचे नाव पोहोचविले. ज्या देशाने ह्यूगेनॉटांना हाकलले, त्याच देशात एका धर्मगुरूने अशा मुलाला आधार द्यावा, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

ब्रेगे यांच्या शोधांपैकी ‘तूर्बियाँ’ सर्वांत प्रसिद्ध होय. या फ्रेंच शब्दाचा एक अर्थ वावटळ. खिशातील घड्याळ दिवसभर उभे राहते आणि गुरुत्वाकर्षणामुळे त्याच्या तोलचक्राची चाल किंचित बिघडते. ब्रेगे यांनी तोलचक्र व त्याला नियंत्रित करणारे भाग एका छोट्या पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरता ठेवला. बहुतेक तूर्बियाँ घड्याळांत तो मिनिटाला एक फेरी घेतो. चूक एकाच बाजूला साचत नाही. ती फेरीत विरून जाते. या युक्तीचे पेटंट त्यांना १८०१ साली मिळाले. राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी १७८३ साली मागणी आलेले त्यांचे एक घड्याळ पूर्ण झाले ते १८२७ साली. तोपर्यंत राणीचा शिरच्छेद होऊन ३४ वर्षे लोटली होती आणि ब्रेगे यांनाही देवाघरी जाऊन ४ वर्षे झाली होती. कार्यशाळेने मात्र काम सोडले नाही.

उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. रशियन सत्तेविरुद्ध पोलंडमध्ये १८३०-३१ साली झालेल्या उठावात लढलेला अन्तोनी पाटेक हा कॅथलिक तरुण पराभवानंतर देशोधडीला लागला आणि कॅल्व्हिन यांच्या जिनिव्हात स्थिरावला. १८३९ साली त्याने फ्रान्स्वा चापेक या भागीदारासह घड्याळांचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या घड्याळांवर पोलिश राष्ट्रवीरांची व धार्मिक चित्रे असत. पुढे पाटेकची गाठ आद्रियाँ फिलिप या फ्रेंच कारागिराशी पडली. वेगळी किल्ली न लावता, घड्याळाच्या डोक्यावरील बोंडूक फिरवून चावी देण्याची व काटे लावण्याची सोय फिलिप यांनी शोधली होती. आजोबांच्या घड्याळाला आपण बोटांनी चावी देतो, ती याच प्रकारच्या शोधांमुळे. १८५१ पासून या पेढीला ‘पाटेक फिलिप’ हे नाव मिळाले. पाटेक अखेरपर्यंत श्रद्धावान राहिला. पोप पायस नववे यांनी त्याला काउंट हा किताब दिला. या पेढीचे चिन्ह असलेला क्रूस बाराव्या शतकात स्पेनमध्ये स्थापन झालेल्या कालात्राव्हा या धार्मिक लष्करी संघाचा आहे.

नाताळच्या दिवशीचा धक्का

२५ डिसेंबर १९६९ रोजी, ऐन नाताळात, टोकियोमध्ये सेको कंपनीने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. विजेच्या प्रवाहाने क्वार्ट्‌झचा स्फटिक ठरावीक गतीने कंप पावतो आणि ते कंप मोजून घड्याळ चालते. चाके-स्प्रिंगांचे घड्याळ दिवसाला काही सेकंद मागेपुढे होते. हे घड्याळ महिन्याला पाच सेकंदांच्या आत राही. गंमत अशी की न्यूशातेलच्या प्रयोगशाळेत स्विस तंत्रज्ञांनी स्वतः १९६७ सालीच असे मनगटी घड्याळ बनवून दाखविले होते. शोध घरात होता. पण पेढ्यांचा जीव जुन्या यंत्रांत आणि जुन्या नफ्यात अडकला होता.

परिणाम भयंकर झाला. १९७० साली या धंद्यात सुमारे ९० हजार माणसे होती. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतील जेमतेम एक-तृतीयांश उरली. शेकडो पेढ्या बंद पडल्या. यंत्रे भंगारात विकली गेली.

ल लोक्ल येथे ‘झेनिथ’ नावाचा कारखाना होता. महात्मा गांधींच्या कमरेला लटकणारे घड्याळ याच कारखान्याचे. झेनिथने १९६९ साली ‘एल प्रिमेरो’ हे यंत्र तयार केले होते. त्याचे तोलचक्र तासाला ३६,००० ठोके देई, म्हणून सेकंदाचा दहावा भागही त्याने मोजता येत असे. पण कारखाना शिकागोच्या एका कंपनीच्या मालकीचा झाला होता आणि १९७५ साली आज्ञा आली : यांत्रिक घड्याळांचे उत्पादन थांबवा, साधने मोडीत काढा.

शार्ल वेर्मो नावाचा एक अनुभवी कारागीर तेथे काम करीत होता. त्याने मालकांना विनंती केली; ती फेटाळली गेली. मग त्याने ठरविले ते कोणालाही न विचारता. साच्यांची यंत्रे, कटर, आराखडे हे सारे त्याने थोडे थोडे करून इमारतीच्या पोटमाळ्यावर नेले, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली, कोणते साधन कशासाठी ते टिपून ठेवले आणि जागा बंद करून टाकली. बक्षिसाची आशा नव्हती. पकडले गेल्यास नोकरी जाण्याचे भय मात्र होते.

जवळपास दशकभराने, १९८४ साली, कारखान्याने ते यंत्र पुन्हा बनविण्याचे ठरविले. तेव्हा वेर्मो याने पोटमाळा उघडून दाखविला. नव्याने साधने घडविण्याची ऐपत कारखान्याला क्वचितच असती. १९८८ पासून रोलेक्ससारख्या पेढीनेही आपल्या डेटोना घड्याळात हेच यंत्र बदल करून वापरले.

काय जपावे?

संकटातून स्विस घड्याळे दोन वाटांनी बाहेर आली. १ मार्च १९८३ रोजी अवघ्या ५१ भागांचे, प्लॅस्टिकचे, स्वस्त क्वार्ट्‌झ घड्याळ ‘स्वॉच’ बाजारात आले. एल्मार मोक व जाक म्युलर या तरुण अभियंत्यांचे ते काम. त्याच्या विक्रीने धंद्याला श्वास मिळाला आणि निकोलस हायेक यांनी मोडकळीला आलेल्या पेढ्या एकत्र बांधल्या. दुसरी वाट जाँ-क्लोद बिव्हेर यांची. त्यांनी सहकाऱ्यासह ‘ब्लाँपँ’ हे निपचित पडलेले जुने नाव सुमारे २२ हजार फ्रँकना घेतले आणि केवळ यांत्रिक घड्याळेच करण्याचा पण केला. १९९२ साली ती पेढी ६ कोटी फ्रँकना विकली गेली. २०२० साली युनेस्कोने या यांत्रिक कारागिरीला स्वित्झर्लंड व फ्रान्स यांचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली. आणि ‘फेवर-ल्युबा’? ते नाव २०११ साली आपल्या टायटन कंपनीने विकत घेतले. पुढे ते दुसऱ्या भारतीय उद्योगाकडे गेले.

या इतिहासात दोन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. जिनिव्हाच्या संघाने दारे लावून वारसा राखू पाहिला आणि नवे हात बाहेर राहिले. शिकागोच्या मालकांनी नव्याच्या मोहाने जुने भंगारात घातले. वेर्मोने काय जपले ते पाहण्यासारखे आहे. तयार घड्याळे काचेच्या पेटीत ठेवून त्याचे भागले असते. त्याने जपली ती घड्याळे घडविण्याची साधने, आणि ती कशी वापरावी याच्या चिठ्ठ्या.

आपल्या घरांतही श्रद्धेचा, बोलीचा, गीतांचा, कसबाचा वारसा आहे. त्याची छायाचित्रे आपण हौसेने जपतो. पण आजीचे गीत कोणत्या चालीवर म्हणायचे, ते मुलांना शिकवितो का? शुभवर्तमानात प्रभू येशू अशा गृहस्थाचा दाखला देतो, जो आपल्या भांडारातून नवेही काढतो आणि जुनेही. त्या भांडाराची किल्ली कोणाजवळ आहे आणि चिठ्ठ्या कोण लिहीत आहे, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे. आजोबांचे घड्याळ खणातून काढून नातवाच्या हाती द्यावे आणि चावी कशी द्यायची ते त्याला दाखवावे. सुरुवात तेवढ्यानेही होते.