उंचीनुसार हवेच्या तापमानातील बदल

समुद्रसपाटीपासून जसजसे उंच जावे, तसतसे हवेचे तापमान कमी होत जाते. तपांबर या वातावरणाच्या सर्वांत खालच्या थरात ही घट सरासरी दर १,००० मीटरला ६.५° से., म्हणजे साधारणपणे दर १६० मीटरला १° से. इतकी असते.

कारणे

उंच ठिकाण सूर्याला जवळ असल्याने अधिक उष्ण असावे, असा समज होऊ शकतो. परंतु पृथ्वी व सूर्य यांतील सुमारे १५ कोटी किमी अंतरापुढे पर्वताची उंची नगण्य आहे. शिवाय सूर्यकिरणांमुळे हवा थेट फारशी तापत नाही. प्रथम भूपृष्ठ तापते आणि त्याच्या उष्णतेने हवा खालून वर तापत जाते. वर जाणाऱ्या हवेवरील दाब कमी होत असल्याने ती प्रसरण पावते. त्यात तिची ऊर्जा खर्च होऊन ती थंड होते.

घटीचा दर

हा दर सर्वत्र सारखा नसतो. बाष्पाने संपृक्त नसलेली हवा वर जाताना दर १,००० मीटरला सुमारे ९.८° से. थंड होते. संपृक्त हवेतील बाष्पाचे सांद्रीभवन होऊन सुप्त उष्णता मुक्त होते, त्यामुळे तिचे तापमान तुलनेने सावकाश घटते.

उदाहरणे

टांझानियातील किलिमांजारो (५,८९५ मी.) विषुववृत्तापासून केवळ सुमारे ३ अंश दक्षिणेस असूनही त्याच्या माथ्यावर हिमनद्या आढळतात. इक्वेडोरची राजधानी क्विटो विषुववृत्तालगतच, परंतु सुमारे २,८५० मी. उंचीवर वसली आहे. त्यामुळे तेथील हवा वर्षभर सौम्य असते.

तापमानाची विपरीतता

हिवाळ्यातील निरभ्र व शांत रात्री जमीन वेगाने थंड होते. तिच्या सान्निध्यातील हवाही थंड व जड होऊन उताराने सखल भागात साचते. अशा वेळी खालची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. या स्थितीस तापमानाची विपरीतता म्हणतात. महाबळेश्वर येथे कडाक्याच्या थंडीत सखल असलेल्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, तेव्हा उंचावरील गावात थंडी तुलनेने कमी असते. सूर्योदयानंतर जमीन तापू लागली की विपरीतता सहसा नाहीशी होते.